सहा समाधानी फॉर्म

जोगेश्वरीच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. दुसऱ्यांच्या कंपन्यांतल्या उत्कृष्ट कर्मचाऱ्यांसाठी आम्ही ट्रॉफ्या आणि प्रमाणपत्रं बनवतो. प्रमाणपत्रांवर नावं मी लिहिते. सतरा वर्षांत हजारो लोकांना माझ्या हाताने उत्कृष्ट केलं, आमच्यातलं त्यात कुणी नव्हतं.

जुलैत आमच्या सुबोधशेठची सून, समीक्षा, सहा फॉर्म घेऊन आली. तिने कसलासा कोर्स केलाय. "नाव लिहू नका," ती म्हणाली, "कामाबद्दल मनात असेल ते मोकळेपणाने लिहा." आम्ही माणसं सहा, आणि शेठ रोज आमच्या हाताने लिहिलेल्या ऑर्डरी वाचतात. नाव न लिहून काय लपणार होतं, कपाळ?

मला एकच गोष्ट हवी होती, गणपतीला पाच दिवस रजा. मिळते एक दिवस. त्यात कणकवलीला जाऊन नुसते हात जोडून परतायचं. बाबा गेल्याला तीन वर्षं झाली, गावच्या घरात आई एकटी सगळं करते. यंदा येतेच, असं मी तिला सांगून बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवाल्या सीताराममामांनी तोडगा काढला. "वनमाला, तूच भर सगळ्यांचे. अक्षर एकच असलं की कुठला कुणाचा, कसं कळणार?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे सांगायची आता लाज वाटते. लिहायला बसले तर जो तो म्हणे, "माझ्यात सगळं झकास लिही गं, उगाच लफडं नको." रजेच्या रकान्यात पाचही जणांनी 'पुरेशी आहे' लिहायला लावलं. उरला माझा. आता तक्रार माझ्या अक्षरात दिसली तर संशय दुसऱ्या कुणावर जाणार? मीही लिहिलं, पुरेशी आहे.

सोमवारी शेठनी सगळ्यांना पेढे वाटले. मग मला आत बोलावलं. टेबलावर सहाही फॉर्म पसरलेले होते.

"समीक्षा म्हणत होती, गणपतीत पाच दिवस गाळा बंद ठेवू या. मी म्हटलं, एकाने जरी मागितलं तरी ठेवू."

"शेठ, मला हवीय रजा. आई एकटी आहे गावाला."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले तरी असते.

"अक्षर तुझंच ना, सहाही ठिकाणी?" ते म्हणाले. "सहा वेळा लिहिलंयस, पुरेशी आहे म्हणून. त्या भरवशावर मी मंडळांच्या स्पर्धांच्या ऑर्डरी घेऊन बसलो ना."

संध्याकाळी आईला फोन केला.

"मगे तू येवचंस नाय?" तिने विचारलं. मग म्हणाली, "मालक वायट आसा काय गो तुजो?"

"नाय गो," मी म्हटलं. "बरो आसा. सहा येळा लिवन दिलंय मी."