मोहाखालची झाडलेली जागा

मुलांनो, वाचता वाचता माझ्यासोबत एक जागा डोळ्यांपुढे आणा. झरी जामणीच्या डोंगरातला एक नाला. पाणी तुमच्या गुडघ्याएवढं, आणि इतकं नितळ की तळाचे गोटे दिसतात. काठावर मातीचे सपाट ओटे आहेत आणि त्यांच्याभोवती काट्यांचं दाट कुंपण. पाहुणे आले की या ओट्यांवर तंबू लावतात. दगड मांडून केलेली एक चूल आहे. नळ नाही, वीज नाही, आणि फोनवर बोलायचं असेल तर मागच्या टेकडीवर चढावं लागतं.

दिसलं सगळं? मग त्यातली एक जागा स्वतःसाठी निवडा. तंबूच्या दाराशी बसा, नाहीतर पाण्यात पाय सोडायला एखादा दगड घ्या. बसलात नीट? आता असं समजा, की तुम्ही जरा उठून गेलात आणि परत येऊन बघता तर तुमच्या जागेवर दुसरंच कोणी बसलं आहे. आणि त्याला तिथे बसवलं आहे तुमच्याच मैत्रिणीने.

कौसल्याचं असंच झालं.

कौसल्या दहा वर्षांची. तिचे बाबा घनश्याम या नाल्यावरचे ओटे सांभाळत. सरपण आणायचं, ओटे सारवायचे, कुंपण नीट ठेवायचं. तिची माय रुपीबाई पाहुण्यांसाठी रांधायची. त्यांचं पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, नाल्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

पाहुण्यांमध्ये कौसल्याला एकच पाहुणी ठाऊक होती. कळंबची वैष्णवी. वैष्णवीचे बाबा संघदीप यांचं कळंबला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत दुकानाला कुलूप लावून ते लेकीला घेऊन इथे येत. ते स्वतः मोठ्या तंबूत झोपत. वैष्णवीचा वेगळा, छोटा निळा तंबू होता. त्यात दोघांपुरतीच जागा होती, आणि ती दुसरी जागा कौसल्याची होती. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना दोघी त्यात झोपल्या होत्या. टॉर्चच्या उजेडात बोटांचे ससे नाचवले होते. शाळेत कौसल्या त्याला "आमचा तंबू" म्हणायची.

या वेळी वैष्णवी एप्रिलमध्येच येणार असं कळलं, तेव्हापासून कौसल्याचं कशात लक्ष नव्हतं. शनिवारी गाडीचा आवाज आला तशी ती धावत सुटली. वैष्णवी उतरली. तिच्या मागून आणखी एक मुलगी उतरली. दोन वेण्या, पायात नवे बूट.

"ही सलोनी," वैष्णवी म्हणाली. "आम्ही एकाच बाकावर बसतो."

कौसल्याने सलोनीकडे पाहिलं, मग गाडीच्या टपावर बांधलेल्या निळ्या तंबूकडे.

"हे झोपीन कुठी?"

"माह्यासंग. तंबूत."

"अन् मी?"

या गोष्टीचा वैष्णवीने विचारच केला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तुले तं घर हाय ना इथंच," ती म्हणाली, आणि सामान उतरवायला वळली.

शब्द काही वाईट नव्हते. खरेच होते. पण पायात काटा मोडावा आणि वरून दिसू नये, तसे ते कौसल्याच्या मनात राहिले.

दुपारी तिघी पाण्यात उतरल्या. नाल्याच्या मधोमध एक चपटा दगड होता. त्यावर बसून पाय सोडले की बारीक मासे येऊन टाचांना लुचत आणि गुदगुल्या होत. तो दगड कौसल्याने पहिल्या दिवाळीत वैष्णवीला दाखवला होता. आता वैष्णवीने सलोनीचा हात धरून तिला त्यावर बसवलं आणि म्हणाली, "हा माहा दगड. पाय हालवू नको, मग गंमत पाह्य."

दगडावर दोघीच मावत. कौसल्या पाण्यातच उभी राहिली.

"ये ना वो तू पण," सलोनी म्हणाली. "मी सरकतो."

"मले नाई बसाचं," कौसल्या म्हणाली. "आमी रोजच पाह्यतो मासे."

सलोनी खडूस असती, तर फार सोपं झालं असतं. तिच्यावर मनसोक्त रागावता आलं असतं. पण सलोनी हसून बोलत होती, स्वतःच्या डब्यातली चकली पुढे करत होती. कौसल्याने चकली घेतली आणि सलोनी वळल्यावर पाण्यात टाकली. माशांनी खाल्ली.

थोड्या वेळाने तंबू लावायची वेळ झाली. कौसल्याचे बाबा सकाळीच फटफटीवर पांढरकवड्याला गेले होते, पीठ आणि तेल आणायला. संध्याकाळी येतो म्हणाले होते. संघदीपकाकांनी आपला मोठा तंबू कुंपणाच्या आत ओट्यावर लावला. पण मुलींना तिथे नको होतं.

"बाबा, तुमी घोरता," वैष्णवी म्हणाली. "आमाले लांब लावून द्या."

"मी घोरतो तं अस्वलं लांब राह्यतात," काका म्हणाले, आणि सगळे हसले.

दोघी नाल्याच्या वळणापलीकडे जागा शोधायला गेल्या आणि ओरडतच परत आल्या. फार छान जागा सापडली होती. मोठं झाड, खाली अंगणासारखी लख्ख जमीन. एक काडी नाही, एक दगड नाही. कोणीतरी तंबूसाठीच झाडून ठेवली असावी.

ती जागा कौसल्याला माहीत होती. तिनेच ती मायसोबत झाडली होती, पण तंबूसाठी नव्हे. ते मोहाचं झाड होतं. एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. जाड, रसाळ, गोड फुलं. ती वेचून लोक वाळवतात. डोंगरातलं एकेक मोहाचं झाड एकेका घराचं ठरलेलं असतं, आणि त्या घरची माणसं झाडाखालचा पाला काढून जमीन स्वच्छ ठेवतात, म्हणजे फुलं मातीकचऱ्यात जात नाहीत. हे झाड कौसल्याच्या घरचं होतं. त्या दिवशीची फुलं सकाळीच वेचून झाली होती, म्हणून खाली काही दिसत नव्हतं. आणि वैष्णवी आजवर दिवाळीतच आलेली. दिवाळीत मोहाखाली नुसता पाला असतो.

पण मोहाची फुलं माणसांनाच आवडतात असं नाही. अस्वल त्यांच्यासाठी डोंगर उतरून येतं. माणसं टोपली घेऊन पोचायच्या आधी, अंधारातच. आठवड्यापूर्वी बाबांनी कौसल्याला त्याच झाडाजवळ ओल्या मातीत उमटलेला पंजा दाखवला होता. लांब नखांच्या खुणांसकट. ओट्यांभोवती ते काट्यांचं कुंपण उगाच नव्हतं.

संघदीपकाका जागा बघायला आले. त्यांनाही ती आवडली. तरी ते शहाणे होते, त्यांनी विचारलं.

"कौसल्या, जागा तं तुह्या बाबानंच झाडलेली दिसते. इथं लावला तं जमते ना?"

कौसल्याने समोर पाहिलं. निळ्या तंबूचं एक टोक वैष्णवीने धरलं होतं, दुसरं सलोनीने. मागच्या दिवाळीत ते दुसरं टोक तिच्या हातात होतं.

"जमते," ती म्हणाली.

काकांनी खुंट्या ठोकल्या. कौसल्या दूर जाऊन एका गोट्यावर बसली आणि मनाला समजावू लागली. बाबा संध्याकाळी येतीलच. ते बघतील, तंबू हलवायला लावतील. आपल्याला कोणी विचारणार नाही. तोवर राहू दे त्यांना तिथे. त्यातही एक गंमत तिला मनात दिसू लागली. अस्वल येतं, लांबूनच गुरगुरतं, सलोनी रडायला लागते आणि उद्याच कळंबला परत जाते. वैष्णवीला मात्र ते अस्वल काही करत नाही. ती उठून कौसल्याच्या घरी येते आणि म्हणते, तुझ्याशिवाय नको मला कोणी.

मुलांनो, मनातलं अस्वल आपण सांगू तसं वागतं. जंगलातलं तसं वागत नाही. कौसल्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच ती ते चित्र फार वेळ बघत बसली नाही. पण उठून काही बोललीही नाही.

ऊन कलल्यावर रुपीबाईने गोवऱ्या पेटवल्या आणि रोडगे भाजायला घेतले. कणकेचे जाड गोळे निखाऱ्यात टाकायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे. सलोनी येऊन चुलीशी बसली. "मावशी, मले शिकवा ना," म्हणाली. रुपीबाईने तिच्या हातात कणीक दिली. कौसल्या मायकडे बघत राहिली. आता मायसुद्धा.

"वैष्णवी वर्गात सारखी तुहंच सांगते," सलोनी गोळा वळता वळता कौसल्याला म्हणाली. "कौसल्याले झाडावर चढता येते, कौसल्याले पक्ष्यांचे आवाज येतात. म्हून मीच मागं लागली, मले घेऊन चाल म्हटलं."

हे ऐकून कौसल्याला बरं वाटायला हवं होतं. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. पण जळणाऱ्या मनाची गंमत अशी असते, की गोड घातलं तरी ते कडूच होतं. कौसल्याच्या मनात आलं, वैष्णवी माझ्याबद्दल बोलते ते हिला रोज ऐकायला मिळतं. मला वर्षातून एकदा.

"तुहा रोडगा वाकडा झाला," ती एवढंच म्हणाली.

"तुहा पहिला सरळ झालता काय?" रुपीबाईने निखारे सारत विचारलं. "कुत्र्यानंही नव्हता खाल्ला."

सलोनी हसली. कौसल्या हसली नाही.

हात धुऊन रुपीबाई फोन घेऊन टेकडीवर गेली. उतरून आली तेव्हा तिने सहज सांगितलं, "तुह्या बाबाची गाडी बिघडली. मामाकडं मुक्काम करून राह्यले. आता सकाळीच येतीन."

कौसल्याच्या हातातली पळी तशीच राहिली.

"सकाळी म्हंजे किती वाजता?"

"येतीन उजाडल्यावर. काहून?"

"काई नाई."

उजाडल्यावर. फुलं तर त्याआधीच गळतात. मायला वाटत होतं, मुलींचा तंबू कुंपणाच्या आतच आहे. वळणापलीकडचं चुलीवरून दिसत नव्हतं. तंबू मोहाखाली आहे आणि तिथे पहाटे अस्वल येतं, या दोन्ही गोष्टी आता एकट्या कौसल्यालाच ठाऊक होत्या. बाबा तर पांढरकवड्याला होते.

ती मायच्या कानात सांगू शकली असती. माय गेली असती, तंबू हलला असता. पण काका म्हणालेच असते, कौसल्याने तर जमते म्हटलं होतं. आणि वैष्णवीला कळलं असतं. मग दिवाळीला ती आलीच नसती, आणि आली असती तरी सलोनीचाच हात धरून. एकीकडे वैष्णवी कायमची जाणार होती. दुसरीकडे काय जाऊ शकत होतं, ते मनात आणायचीही तिला भीती वाटली.

"हे घे," रुपीबाई म्हणाली. रोडग्यांची थाळी, वर वांग्याच्या भाजीची वाटी. "पोट्ट्याइले नेऊन दे. अंधाराच्या आत ये."

सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. कौसल्या वळणापर्यंत हळूहळू गेली. मोहाखाली निळा तंबू ताठ उभा होता. काका सैल झालेली एक दोरी पुन्हा ओढून बांधत होते. आत दोघी कशावर तरी खिदळत होत्या. थाळी ठेवून मागे फिरणं अगदी सोपं होतं.

"काका," ती म्हणाली, "इथं नाई जमत."

"काय नाई जमत?"

"तंबू. हा मोह हाय. पहाटे फुलं खायाले अस्वल येते. बाबानं मले पाय दाखवलते त्याचे."

आतलं हसणं थांबलं. काकांनी वर झाडाकडे पाहिलं, मग त्या लख्ख जमिनीकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला. पण ते तिच्यावर ओरडले नाहीत. उलट मऊ आवाजात म्हणाले, "बरं झालं सांगतलं, बाई. तवा ध्यानात आलं नसन तुह्या. लहान हायेस."

बघा, केवढा मोठा दरवाजा त्यांनी तिच्यासाठी उघडला होता. नुसती मान हलवली असती तरी ती त्यातून सहीसलामत बाहेर पडली असती. वैष्णवीला काही कळलं नसतं.

वैष्णवी तंबूतून डोकं बाहेर काढून तिच्याकडे बघत होती.

"ध्यानात होतं," कौसल्या म्हणाली.

"मंग जमते काहून म्हटलं तू?" वैष्णवीने विचारलं.

"तू हिले आणलं म्हून."

दोघी तंबूबाहेर आल्या. सलोनीने आपली चादर छातीशी धरली. वैष्णवीचे ओठ घट्ट मिटले होते. तिला रडू येत होतं की राग, ते कळत नव्हतं. कौसल्याला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर आतली जळजळ जाईल. ती गेली नाही. सलोनी वैष्णवीला चिकटून उभी राहिली, ते तिला अजूनही टोचलं.

"बोलणं मंग," काका म्हणाले. "आधी खुंट्या काढा."

त्यांनी खुंट्या उपटल्या, पिशव्या आणि अंथरुणं खांद्यावर घेतली आणि ओट्यांकडे झपाझप निघाले. तंबूची घडी घालायला वेळ नव्हता. वैष्णवीने एक पुढचं टोक धरलं, सलोनीने दुसरं, आणि दोघी चालू लागल्या. तंबूचा मागचा भाग गोट्यांवरून घासत चालला.

कौसल्याला कोणी धर म्हटलं नाही. धरू नको असंही म्हटलं नाही. तिने रोडग्यांची थाळी डोक्यावर ठेवली, एका हाताने ती सांभाळली, दुसऱ्या हाताने तंबूचं मागचं टोक उचललं, आणि त्या दोघींच्या मागे चालू लागली.