ताईंची लाइन

ताईंनी बेतलेलं कापड बाजूला सारलं आणि शिवणाच्या खडूने थेट टेबलावरच लिहिलं, ‘मुलगी अडखळतेय. तिला बरं नाही का?’

वायरभाऊ वाकून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले. शिवणकाम करणाऱ्या या ताईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि त्यांच्या लेकीलाही. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली तेव्हापासून मायलेकी रोज दुपारी हातांनी गप्पा मारायच्या. चार बहिऱ्या मंडळींनीच चालवलेली एक छोटीशी फुकट साइट होती, तिच्यावर. आज मात्र लेकीचे हात हवेतच थिजत होते आणि मग उडी मारून भलतीकडेच दिसत होते. मधलं सगळं बोलणं गळून पडत होतं.

“ती ठणठणीत आहे ताई,” भाऊंनी ओठ नीट हलवत सांगितलं. “आजारी माझी लाइन आहे.”

हा आजार त्यांनी स्वतःच्या हातांनी आणला होता. गच्च्यांवरून केबल ओढून घरोघरी इंटरनेट पोचवणं हा भाऊंचा धंदा. ज्या बड्या कंपनीकडून ते इंटरनेट घेत, तिने नुकतंच एक नवं यंत्र बसवायला दिलं होतं. त्यातून कंपनीचे सिनेमे, कंपनीचे खेळ, कंपनीचे कॉल सुसाट जायचे. बाकीच्यांनी मागे रांगेत थांबायचं. वस्ती खूश होती. शेजारचे आजोबा म्हणाले होते, “भाऊ, कुस्ती इतकी स्वच्छ दिसते की पैलवानाचा घाम पुसावासा वाटतो.” भाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आता त्यांनी घाईघाईने कंपनीचाच कॉल लावून दिला. चित्र आरशासारखं लख्ख आलं. मायलेकी भराभरा बोलू लागल्या. तेवढ्यात पडद्यावर पाटी आली, ‘कोणी बोलत नाही. कॉल बंद करायचा का?’ आणि लेकीचं चित्र काळं झालं.

ताईंनी पाटी वाचली आणि हात मांडीवर ठेवले.

भाऊ तसेच कंपनीच्या कचेरीत गेले. तिथला साहेब माणूस भला होता. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

“त्या साइटवाल्यांनी आमच्याशी करार करावा,” तो म्हणाला. “त्यांनाही पुढच्या रांगेत घेऊ.”

“वर्गणीवर चालतं हो ते साहेब. तुमचा करार त्यांना कुठला परवडायला?”

“पण भाऊ, एका बाईसाठी...” साहेब बोलता बोलता थांबला. मग हळूच म्हणाला, “वरून हुकूम आहे. यंत्र काढलंत तर मला तुमची लाइन बंद करावी लागेल.”

“करा. माझं काम तार ओढायचं. कोणाचं बोलणं आधी पोचावं, हे ठरवायचं काम मी कधी मागितलं नव्हतं. चुकून घेतलं, ते परत करतो.”

घरी बायकोने सगळं ऐकलं. “लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस भारी तुम्हाला,” ती म्हणाली. मग पदर खोचून उठली. “चला, शिडी मी धरते. मागच्यासारखे पडलात तर पुन्हा मलाच निस्तरावं लागेल.”

भाऊंनी एका लहान पुरवठादाराकडून नवी लाइन घेतली. वेग बेताचा, पण सगळ्यांना सारखा. महिना उलटायच्या आत निम्मी वस्ती कंपनीकडे गेली. आजोबाही गेले. “राग मानू नकोस रे,” ते ओशाळून म्हणाले, “या वयात एवढाच एक नाद आहे.”

“राग कसला, आजोबा? तुमचं घर, तुमची मर्जी.” भाऊंनी त्यांच्या खोलीतली आपली केबल काढली, कोपर आणि पंजा यांच्यामध्ये नीट गुंडाळली, भिंतीला पडलेलं भोक बुजवून दिलं आणि खालचा चुरा स्वतःच झाडून घेतला.

तिथून ते ताईंकडे गेले, लाइन बघायला म्हणून. खरं तर कुठेतरी टेकायचं होतं. पडद्यावरचं चित्र जरा भुरकट होतं, पण लेकीचे हात न थांबता चालले होते. काहीतरी गमतीचं चाललं असावं. ताईंचे खांदे हसून हलत होते. भाऊंना बघताच त्यांनी ओढून खुर्चीवर बसवलं.

लेकीने त्यांच्याकडे बघून डावा हात उभा धरला आणि उजव्या हाताने पंजापासून कोपराभोवती न दिसणारी तार गुंडाळली. मग तोच हात छातीवर टेकवला.

भाऊंना अर्थ लागेना. ताईंनी टेबलावर लिहिलं, ‘हे तुमचं नाव. आमच्यात आपलं माणूस झालं की असं नाव ठेवतात.’

भाऊंनी ते नाव करून पाहिलं. तार उलटी फिरली. मायलेकी हसल्या, आणि लेकीने पुन्हा एकदा, सावकाश, करून दाखवलं.