हातोडी खाली ठेवायची ओळ

तिच्या ख्रिस्ती मंडळीत तिला सगळे मौनीबाई म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असे. ती काही मुकी नव्हती. बाइंडिंगच्या दुकानात ऐन शिलाईत दोरा तुटला की तिच्या तोंडून जे निघे, ते पाळकसाहेबांनी ऐकलं असतं तर कानांत बोटं घातली असती. नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. त्या मंडळीत दर रविवारी उपासना रंगात आली की पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने कोणी ना कोणी अन्य भाषेत बोलू लागे. कुणालाही न कळणारी, झऱ्यासारखी वाहणारी बोली. तिची नणंद बोलायची, नणंदेचा नवरा बोलायचा, शेवटच्या बाकावरचे ठार बहिरे आजोबासुद्धा बोलायचे. हिच्या तोंडून मात्र एकोणीस वर्षांत 'आमेन'पलीकडे काही फुटलं नव्हतं.

लोक हसतात याचं तिला फारसं वाटत नसे. तिचं अडलं होतं ते एकाच जागी. मंडळीचा एक प्रार्थना-गट होता. तो आजाऱ्यांच्या घरी जाई, उशाशी बसून प्रार्थना करी. तिच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात हे लोक येत, आणि ते बसलेले असेपर्यंत आईची तगमग थांबे. ते पाहिल्यापासून तिला त्या गटात जायचं होतं. दुसरं काही नको होतं. पण गटाचा नियम असा की भाषेचं दान मिळालेलं हवं. ते मिळेपर्यंत हिने हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या आणि उपासना संपली की उचलायच्या.

आणि एका रविवारी ते घडलं. तिसरं गीत संपत आलं होतं, नणंदेची खंजिरी टिपेला पोचली होती, आणि हिच्या डोळ्यांना धार लागली. कारण म्हणाल तर काहीच नाही. सकाळी दूध उतू गेलं होतं एवढंच. मग तिचं तोंड उघडलं आणि एक ओळ बाहेर आली. परकी, घोटीव, सुरावरची. पुन्हा तीच ओळ, मग तिसऱ्यांदा तीच. खंजिरी थांबली. सगळा हॉल आ वासून मौनीबाईकडे बघत राहिला.

अन्य भाषेत कोणी बोललं तर दुसऱ्या कोणीतरी अर्थ सांगायचा, नाहीतर बोलणाऱ्याने गप्प बसायचं, असं शास्त्रातल्या पत्रात प्रेषिताने बजावूनच ठेवलं आहे. त्या मंडळीत अर्थ सांगण्याचं काम नणंदेकडे होतं. या वन्सं म्हणजे निवृत्त मेट्रन. पस्तीस वर्षं त्यांनी वॉर्डातल्या नर्सनाच काय, डॉक्टरांनाही सरळ केलं होतं. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि गंभीर आवाजात सांगितलं, "आत्मा म्हणतो, माझ्या लेकरांनो, उपासनेला वेळेवर येत जा."

वन्सं स्वतः हेच दहा वर्षं सांगत होत्या, पण आता खुद्द आत्म्यानेच सांगितल्यावर कोणाची काय टाप होती? पाळकसाहेबांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी मौनीबाई साक्ष देतील आणि लगेच गटात येतील. त्या दिवशी खुर्च्या दुसऱ्यांनी उचलल्या. घरी जाताना ती रस्त्यात दोनदा रडली आणि एकदा हसली, आणि तिच्या नवऱ्याने शहाण्यासारखं काही विचारलं नाही.

सोमवारी ती दुकानात गेली. दुकान एका म्हाताऱ्या यहुदी बाइंडरचं; ती त्यांना काका म्हणे. खाली पुठ्ठ्यांची चळत, खळीचं भांडं, पुस्तकं दाबायचा शिकंजा. खिडकीशी शिलाईचा खोडा. फाटकी-तुटकी पुस्तकं येत आणि माणसात येऊन परत जात. तिने एकोणीस वर्षांपूर्वी काम इथेच शिकून घेतलं होतं, आणि आता शिलाईत तिचा हात काकांपेक्षा सरस होता. हे काका सगळ्यांना सांगत, तिच्यासमोर मात्र चुकूनही नाही.

दुकानाची एक पद्धत होती. दुपार कलली की काका हात धुऊन खिडकीकडे तोंड करून उभे राहत. आधी काहीतरी भराभर पुटपुटत. मग तीन पावलं मागे, तीन पुढे, आणि एक ओळ मोठ्याने म्हणत. त्यानंतर सगळं गप्प; नुसते ओठ हलायचे, बराच वेळ. ती मोठी ओळ ऐकू आली की हिने हातोडी खाली ठेवायची, असं पहिल्याच आठवड्यात न बोलता ठरून गेलं होतं. पुस्तकाच्या कण्याला गोलाई देताना हातोडी अर्ध्यावर असली तरी ठेवायची.

त्या सोमवारीही काका उभे राहिले. तीन पावलं मागे, तीन पुढे. आणि त्यांनी ओळ म्हटली.

हातोडी तिच्या हातातच राहिली. तीच ओळ. काल हॉलमध्ये तिच्या तोंडून तीनदा निघाली ती, अक्षरन् अक्षर, शेवटच्या हेलासकट. एकोणीस वर्षं, रोज दुपारी, कानावर पडून पडून ती ओळ तिच्या आत जाऊन बसली होती, आणि तिने भर उपासनेत ती आत्म्याच्या नावावर खपवली होती. काकांचे ओठ हलायचे थांबले, तोवर तिचा चेहरा पार उतरला होता.

"काय गं? बोटावर मारून घेतलंस?"

"काका, मी तुमची प्रार्थना चोरली."

तिने सगळं सांगितलं. काकांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणून दाखव."

"नको, काका."

"म्हण म्हटलं ना."

तिने म्हटली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "परत एकदा," ते म्हणाले. तिने परत म्हटली. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"शेवटी तो जो हेल काढलास ना, तो माझ्या वडिलांचा. आमच्या सभास्थानात असं कुणीच म्हणत नाही, मलाही लहानपणी हसायचे. मला पोरबाळ नाही. वाटलं होतं, हा हेल माझ्याबरोबर जाणार." मग म्हणाले, "चोरलीस म्हणे! अशी चोरी करणारं कुणीतरी भेटावं लागतं."

तिला रडू फुटलं. "पण काका, मला वाटलं ते दान होतं. माझ्या तोंडून देव बोलतोय असं वाटलं. आणि निघालं काय, तर पढवलेल्या पोपटासारखं."

काकांनी स्टूल ओढलं. "हे बघ, तुमच्या त्या भाषेबद्दल मी काही बोलू नये. तुमच्या घरातली गोष्ट ती. आमच्यात न समजणाऱ्या बोलीचं एवढं कौतुक नाही. कुठल्याही भाषेत प्रार्थना कर म्हणतात, पण कोणापुढे उभा आहेस आणि काय मागतो आहेस ते मनाला ठाऊक हवं."

"आमच्याकडे सांगतात, मनालासुद्धा शब्द सापडत नाहीत तिथे आत्मा बोलतो," ती म्हणाली. "माझ्या आईच्या उशाशी ते बोलायचे ना, तेव्हा एक अक्षर कळायचं नाही. पण तिला बरं वाटायचं. ते खोटं नव्हतं, काका. मी बघितलंय."

काकांनी मान हलवली. "तू बघितलंस तर खोटं नसेल." मग म्हणाले, "तुमच्यात पहिल्यांदा लोक असे बोलले, तेव्हा काय झालं होतं? सांग बरं."

"पन्नासाव्या दिवसाच्या सणाला प्रभूचे सगळे शिष्य एका घरात जमले होते. जिभांसारख्या ज्वाळा उतरल्या. आणि ते बोलायला लागले तर देशोदेशींच्या लोकांना आपापल्या भाषेत ऐकू आलं. काही जण म्हणाले, हे प्यालेत."

"पन्नासाव्या दिवशी आमचाही सण असतो. डोंगरावर देवाचा आवाज झाला, आज्ञा मिळाल्या, तो दिवस. आमचे गुरू सांगतात, आवाज एकच होता, पण सत्तर भाषांत फुटला, आणि ज्याला जेवढं पेलेल तेवढंच ऐकू आलं. तान्ह्याला तान्ह्यापुरतं, म्हाताऱ्याला म्हाताऱ्यापुरतं." काका हसले. "आणि प्याल्याचं म्हणशील, तर आमच्याकडे उलटा प्रकार. एक बाई देवळात आवाज न करता नुसते ओठ हलवत होती. पुजाऱ्याला वाटलं, हिला चढलीय. आता सगळे गुरू म्हणतात, प्रार्थना करावी तर तिच्यासारखी. मी ओठ हलवतो ते तिच्याकडूनच शिकलेलं."

तिने डोळे पुसले. एवढी वर्षं एका खोलीत काढली आणि हे कधी विचारलं नाही, याची तिला लाज वाटली.

"काका, त्या ओळीचा अर्थ काय?"

"तुला माहीत नाही? तुमच्या शास्त्रातही आहे की ती." काकांनी बोट वर केलं. "देवा, माझे ओठ तू उघड. मग माझं तोंड तुझी स्तुती करील."

एकोणीस वर्षं ती रोज रात्री आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत, नेमकं हेच मागत आली होती.

"आता रविवारी काय करू?" तिने विचारलं. "खरं सांगितलं तर गट गेला. आणि वन्संनी तर सगळ्यांसमोर अर्थ सांगितलाय."

"खोटी साक्ष देऊ नये, हे तुलाही ठाऊक, मलाही. पण चारचौघांत माणसाला खाली मान घालायला लावणं म्हणजे रक्त सांडणं, असं आमचे गुरू म्हणतात. आधी तिच्या घरी जा. एकटी जा." काका उठले. "आणि ती हातोडी ठेव आता. मघापासून धरून बसलीयस."

शनिवारी ती गेली. वन्सं खंजिरीच्या चिंचोक्याएवढ्या चकत्या फडक्याने एकेक करून पुसत होत्या. हिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. वन्संच्या कपाळावर जी आठी चढली, ती पाहून एखादा डॉक्टर वॉर्ड सोडून पळाला असता.

"म्हणजे मी खोटारडी?"

"तसं नाही, वन्सं."

"मग कसं?"

वन्संनी आणखी दोन चकत्या पुसल्या.

"कधी कधी मनात काही स्पष्ट येतं," त्या अखेर म्हणाल्या, "आणि ते माझं नसतं. हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण कधी काहीच येत नाही, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी घड्याळाकडे बघत होते."

हिला हसू आवरेना, आणि वन्संनाही. हसणं ओसरलं तशा वन्संनी विचारलं, "उद्या तू तिथेच उभी राहून बोलली असतीस तर माझं काय झालं असतं गं?"

"काकांनी आधी तुमच्याकडे पाठवलं."

"ते यहुदी बाइंडर? मला तर ओळखतही नाहीत." वन्संनी फडकं घडी करून ठेवलं. ती जायला निघाली तेव्हा मागून विचारलं, "खरा अर्थ काय म्हणालीस त्या ओळीचा? नीट सांग."

रविवारी सगळी मंडळी दहा मिनिटं आधीच येऊन बसली होती, बहिरे आजोबासुद्धा. ती पुढे गेली. तिने सांगितलं की ती ओळ देवदूतांची नव्हे, दुकानातल्या काकांची आहे. ते रोज म्हणतात, ती रोज ऐकते. मला दान मिळालेलं नाही, मी फसवायला गेले नव्हते, पण मी फसले, एवढं बोलून ती थांबली. मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. कोणीतरी 'मौनीबाई' म्हणालं आणि कोणीतरी हसलं.

तेवढ्यात वन्सं उठल्या. मंडळी आपोआप गप्प झाली.

"मागच्या रविवारी मी अर्थ चुकीचा सांगितला," वन्सं म्हणाल्या. पस्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने तर खुर्चीचा हात घट्ट धरला. "वेळेवर यायचं ते मी सांगत होते, आत्मा नाही. तरी येत जा. खरा अर्थ असा: देवा, माझे ओठ तू उघड. हे आपल्या शास्त्रात आहे, आणि आपल्यातल्या एकालाही ओळखता आलं नाही. त्या म्हाताऱ्यांच्या दुकानात हातोडी ठोकता ठोकता हिने ते पाठ केलं." त्या पाळकसाहेबांकडे वळल्या. "गटात बोलणारे पुष्कळ आहेत. उद्या अकरा वाजता मी हिला आजाऱ्याकडे घेऊन जाणार. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा."

पाळकसाहेबांना काही म्हणायचं नव्हतं.

गीत सुरू झालं, हळूहळू चढलं, आणि नेहमीसारखी माणसं आपापल्या अगम्य बोलीत बोलू लागली. ती आपल्या जागी उभी होती. तिला एकदम आतून भरून आलं. तिने आधी तीन पावलं मागे टाकली, मग तीन पुढे, आणि ती ओळ म्हटली. या वेळी अर्थ जाणून, काकांच्या वडिलांच्या हेलात. त्यानंतर आवाज बंद झाला आणि तिचे नुसते ओठ हलत राहिले.

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, आणि वाजती खंजिरी खाली ठेवली.