वानरीच्या गळ्यातली घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. मित्रांनो, माझ्या कडीत दोन गळ्यांचे केस अडकले आहेत: एका शेळीचे पांढरे आणि एका वानरीचे राखाडी.

नंदुरबारच्या बाजारात गफूरचाचांनी मला ओतले, कानशीने घासले आणि कानाशी धरून हलवले. "लई जा माय," ते धनुबाईंना म्हणाले, "बकरी कोठे बी जाऊ दे, इना आवाज तुले सापडी."

कळसाडी गावात धनुबाईंनी मला त्यांच्या चांदी नावाच्या शेळीच्या गळ्यात बांधले. चांदी ट्रॅक्टरवर चढे आणि उतरायचे नाव घेत नसे. वाळत घातलेले लुगडे तोंडात धरून अंगणभर मिरवी. कोंबडा आरवू लागला की त्याला मागून ढुशी देई. "नवरी शे का तू, इतली मिरवस?" धनुबाई पोट धरून हसत. आवाज असणे म्हणजे आवडते असणे, असे मला त्या वर्षांत वाटे.

मग त्यांच्या मुलाच्या, गिरधरच्या, पपईच्या बागेत वानरे येऊ लागली. ती एक फळ खात आणि दहा चावून टाकत. यावर गावाकडे एक उपाय होता. टोळीतले एक वानर धरून त्याच्या गळ्यात घंटी बांधायची. टोळी आवाजाला भिऊन पळते, ते वानर तिच्यामागे धावते, आणि टोळी आणखी लांब जाते.

एका सकाळी बागेच्या जाळीत एक तरणी वानरी अडकली. गिरधर मला चांदीच्या गळ्यातून सोडायला आला.

"अरे, मन्ही चांदीनी घंटी शे ती!" धनुबाई म्हणाल्या.

"आठ दिन राहू दे माय. मंग नवी लई देसू."

पोत्याखाली दाबून त्याने मला तारेने तिच्या गळ्यात आवळले. त्याचा मित्र हेमकांत मोबाइल धरून उभा होता. "बांध, बांध! आते दख कशी मज्या ई!"

वानरी सुटली ती थेट निंबावर, आपल्या टोळीकडे. मी वाजले आणि फांदी रिकामी झाली. खाली टाळ्या पडल्या. धनुबाईही हसल्या.

निंबावरून चिंचेवर, चिंचेवरून उसाच्या बांधावर. ती पोहोचे, मी वाजे, ती एकटी उरे. एकदा तिची आई थांबली. थरथरत होती, पण थांबली. लेकीच्या उवा काढायला तिने हात पुढे केला. वानरीने आनंदाने मान वळवली.

मी वाजले.

त्यानंतर ती मान हलवीनाशी झाली. उपाशी, वाळलेली, ती एका दुपारी अंगणात उतरली. माझा ओळखीचा नाद ऐकून चांदी दोरी ताणत तिच्याजवळ आली. वानरीने शेळीच्या केसांत बोटे घातली आणि हळूहळू उवा शोधू लागली. अंगण हसून लोटपोट झाले. हेमकांतला दुसरा व्हिडिओ मिळाला.

मग ती पाण्याच्या हौदावर वाकली. वानरे पाणी पिताना वर एक जण राखण करत असतो. हिला वर कुणीच नव्हते. तहानेने ती मला विसरली, आणि मी वाजले. गावातल्या कुत्र्यांना तिचा पत्ता मीच दिला. चांदीने हिसके दिले, पण तिची दोरी तुटली नाही.

गिरधरने मेलेल्या वानरीच्या गळ्यातली तार कापली आणि मला त्याच हौदात बुचकळले. "ले माय, तुन्ही घंटी." पपई वाचली होती.

आता मी पुन्हा चांदीच्या गळ्यात आहे. ती ट्रॅक्टरवर चढत नाही. मी वाजले की ती मान वर करून निंबाकडे बघते. "हाई येडी व्हई गई," धनुबाई म्हणतात, आणि नातवंडांना हसवायला मला हाताने हलवतात.

मित्रांनो, शेळीच्या खोड्यांवर जरूर हसा. मी त्याच हसण्यात वाढले. पण हसता हसता कुणाच्या गळ्याला हात घालू नका. मला चिंच लावून चमकवू नका. जमले तर माझ्या पोटातला लोलक काढून घ्या. मग चांदी मान हलवील, आणि निंबावर कुणी बसले असेल, तर ते बसून राहील.