बाबांचे निवडक ईमेल

बाबांना ऐंशी पूर्ण होणार म्हणून सुश्रुतला गौरवग्रंथाची हुक्की आली. माझा हा धाकटा भाऊ पुण्यात राहतो आणि तिथून फोनवर कामं सांगतो. बाबांनी ठिकठिकाणच्या पंडितांना पाठवलेले जुने ईमेल ग्रंथात हवेत, ते घरच्या बंद पडलेल्या कम्प्यूटरमधून काढून घे, असं त्यानं फर्मावलं. कोणी काढायचे? देवश्रीनं. या घरात दुसरं आहे कोण?

काशीतल्या पंचगंगा घाटाच्या गल्ल्यांतून तो डबा उचलून रिक्षापर्यंत नेताना माझी हाडं खिळखिळी झाली. दुकानदारानं आतली डिस्क काढून स्वतःच्या मशीनला जोडली आणि सगळे ईमेल पेनड्राइव्हवर उतरवून दिले.

घरी येऊन लॅपटॉपवर वाचत बसले. त्यातले निम्मे मीच टाइप केलेले. बाबा डोळे मिटून मजकूर सांगायचे, पूर्णविरामसुद्धा मोठ्यानं म्हणायचे. कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. घरात सगळ्यांना मिळून एकच ईमेलचा पत्ता होता, त्यामुळे पंडितांच्या गर्दीत एक ईमेल माझ्याही नावाचा निघाला.

तो आला त्या दिवसांत मी पुण्याला शब्दकोशाच्या एका कचेरीत मुलाखत देऊन आले होते. उत्तर आलंच नाही. आम्ही काशीतले मराठी, बोलण्यात हिंदी फार. आपली मराठी त्यांना कच्ची वाटली असणार, अशी मी मनाची समजूत घातली. आजही पुण्याचं माणूस समोर आलं की मी तोंड उघडायला बिचकते.

या ईमेलमध्ये त्याच कचेरीनं मला नोकरीवर बोलावलं होतं. खाली आमच्या पत्त्यावरून गेलेलं उत्तरही होतं: ‘घरगुती अडचणींमुळे ही नोकरी स्वीकारता येत नाही. क्षमस्व. आपली, देवश्री.’

माझं डोकं फिरलं. बाबा जेवत होते. लॅपटॉप त्यांच्या ताटाशेजारी आपटला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“मीच सांगितला, सुश्रुतनं टाइप केला,” ते म्हणाले. “तुझी आई बिस्तरावर पडलेली. तू गेली असतीस तर तिला कोण सांभाळणार होतं?”

“मला विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर गेली असतीस.”

मग त्यांनी ताक मागितलं, आणि मी वाढलंसुद्धा. याचा मला अजून राग येतो.

संध्याकाळी सुश्रुतचा फोन आला. ईमेल मिळाले म्हटल्यावर खूश झाला. आपण काय टाइप केलं होतं ते त्याच्या लक्षातही नव्हतं, नाहीतर त्यानं मला हे काम सांगितलंच नसतं. ते मला सर्वांत जास्त झोंबलं. तो म्हणाला, तारखेप्रमाणे लाव आणि थेट छापखान्यात पाठव, मला बघायला सवड नाही.

तसेच लावले. माझा ईमेल म्हैसूरच्या आणि व्हिएन्नाच्या पंडितांच्या मधे आला. खाली टीप दिली: मजकूर बाबांचा, टाइप सुश्रुतनं केला, देवश्रीला विचारलं नव्हतं.

समारंभाला सगळे नातेवाईक येणार आहेत. ग्रंथातले दोन-तीन ईमेल तूच वाचून दाखव, असं बाबांनी सांगितलं आहे. मी हो म्हणाले.