दुमडलेल्या कोपऱ्यांची वही

मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. माझ्या पुठ्ठ्यावर इस्त्रीच्या तळाएवढा एक करपलेला डाग आहे, आत रक्ताचे तीन थेंब आहेत आणि वरच्या कोपऱ्यात आरपार भोक आहे. दिसायला मी काही सुंदर नाही. पण मित्रांनो, रूपावर जाऊ नका, माझी गोष्ट ऐका.

वहीचा जन्म कसा होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आधी लाकडाचा चुरा करतात, तो उकळतात, मग त्या लगद्याला बडव बडव बडवतात. रुळांखाली चेपून त्याचा कागद झाला, की वरून पातं येतं आणि खटकन चारी बाजू छाटतं. शेवटी पोटात दोन पिना ठोकतात. असा मार खाऊनच मी जगात आले, त्यामुळे मारहाणीचं मला काही वाटणार नाही असं मला वाटायचं. मी किती चुकत होते हे पुढे कळलं.

दुकानातून मला एका इस्त्रीवाल्याच्या बायकोने आपल्या लेकीसाठी घेतलं. मुलगी नववीत, अंगाने इतकी बारीक की वर्गात तिला सगळे काडी म्हणायचे. मी तिची इंग्रजीची रोजनिशी झाले. त्यांच्या इंग्रजीच्या बाईंची एक पद्धत होती. तास सुरू झाला, की त्या फळ्यावर एक विषय लिहायच्या आणि सगळ्यांनी सात मिनिटं त्यावर मनात येईल ते लिहायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, पेन थांबता कामा नये. शुक्रवारी सेहेचाळीस वह्या गोळा व्हायच्या आणि सोमवारी पानापानावर जांभळा शिक्का घेऊन परत यायच्या. शिक्क्यावर लिहिलेलं असायचं, 'छान! लिहीत राहा.'

पहिल्या दिवशी बाईंनी एक नियम सांगितला होता. "जे फक्त स्वतःसाठी लिहिलंय, त्या पानाचा कोपरा दुमडा. ते पान मी वाचणार नाही. भरलंय एवढंच बघेन आणि शिक्का मारेन. माझा शब्द आहे." बाई शब्दाच्या पक्क्या होत्या.

त्या दिवशी काडी शाळेत नव्हती. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता.

चार दिवसांनी ती आली, तेव्हा वहीचे नियम काय, ते तिने शेजारणीला विचारलं. ही शेजारीण म्हणजे रेडिओ. दिवसभर चालू, पण दुसऱ्याचं ऐकायची सोय नाही. बाई नियम सांगत होत्या तेव्हाही ती मागच्या मुलीशी बोलत होती. गेल्या वर्षीच्या सरांकडे जे पान तपासून हवं ते दुमडून द्यायची रीत होती. रेडिओने तीच इथे चिकटवून दिली.

"सोपं आहे गं," ती म्हणाली. "जे बाईंनी वाचायला हवं ते दुमडायचं. बाकीच्याकडे त्या बघतसुद्धा नाहीत."

"नक्की?"

"अगं, मी काय खोटं सांगते का?"

खोटं ती सांगतच नव्हती. एवढ्याशा चुकीने पुढे केवढं रामायण झालं!

त्या दिवशी फळ्यावर विषय होता, 'माझ्या घरातला एक आवाज'. बाकीच्यांनी कुकरची शिट्टी लिहिली, घड्याळ लिहिलं. काडीने लिहिलं, 'इस्त्रीची पिन भिंतीतून काढल्याचा आवाज. बाबा आधी पिन काढतात, वायर हाताला गुंडाळतात, मग मारतात. पिन काढल्याचा आवाज आला, की आई मला मागच्या खोलीत ढकलते. या वेळी तिला उशीर झाला, म्हणून माझा डोळा सुजला आणि चार दिवस शाळा बुडली.' मग तिने माझा कोपरा दुमडला आणि नखाने दोनदा घासला, सुटायला नको म्हणून.

सोमवारी तिने मला उघडलं. पानावर शिक्का होता. 'छान! लिहीत राहा.'

ती त्या शिक्क्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं वेडे, बाईंनी वाचलेलंच नाही! पण वहीला वाचा कुठली? आमच्यात लिहिलेलं बोलतं, आम्ही बोलत नाही.

तिने हार मानली नाही. आणखी स्पष्ट लिहायला हवं, असं तिने मनाशी धरलं. शब्द अडले की ती वाचनालयातला शब्दकोश उघडायची. 'बरगडी' हा शब्द तिने तिथेच शोधला, कारण विषय होता 'मी नुकतीच शिकलेली गोष्ट' आणि ती नुकतीच बरगडी दुखावल्यावर अर्धा अर्धा श्वास घ्यायला शिकली होती. 'माझी आवडती जागा' म्हणून तिने इस्त्रीच्या टेबलाखालची जागा लिहिली. तिथे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे असतात, त्यांच्यामागे बसलं की लाथ लागत नाही. 'आईचे हात' या विषयावर तर तिने दोन पानं भरली. आईची करंगळी वाकत नाही, कारण बाबांनी दुकानाचं शटर तिच्यावर ओढलं होतं, आणि नंतर गिऱ्हाइकाला हसत सांगितलं होतं की आमची ही जरा वेंधळीच आहे.

इंग्रजीत लिहायचा एक फायदा होता. इस्त्रीवाल्याला इंग्रजी येत नव्हतं. मी टेबलावर उघडी पडले तरी घरात भीती नव्हती. सगळी पानं दुमडलेली, सगळ्या पानांवर शिक्का. छान, छान, छान. मित्रांनो, त्या शब्दाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

एकदा व्हरांड्यात बाईंनी तिला थांबवलं.

"तुझी वही मी बघते हं दर शुक्रवारी. एक दिवस चुकवत नाहीस. शाबास!"

काडीचा चेहरा पांढराफटक पडला. "बघता तुम्ही, बाई?"

"म्हणजे काय! अशीच लिहीत जा."

"मग... पुढे?"

"पुढे काय, परीक्षेत उपयोग होईल बघ." बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. बरोबर दुखऱ्या जागेवर हात पडला, पण काडी हलली नाही. तिने ओठ आवळून धरले आणि मला छातीशी घट्ट धरलं. मोठ्यांच्या जगात हे असंच चालतं आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं, अशी तिची त्या दिवशी खात्री पटली.

त्यानंतर ती बदलली. एका मुलाने तिची पट्टी ओढली, तर तिने त्याचा हात बाकाच्या झाकणाखाली चिरडला. आठवड्याभराने रेडिओ तिच्या दंडावरच्या भाजल्याच्या खुणेवरून काहीतरी हसून बोलली. काडीने तिचे केस धरले आणि तोंड बाकावर आपटलं. रेडिओचा पुढचा दात अर्धा तुटला. ते तीन थेंब तिच्याच रक्ताचे. मुख्याध्यापकांनी काडीला दोन तास उभं केलं. ती शांत उभी होती. इस्त्रीवाल्याची शिकवण बापाच्या हातून लेकीच्या हातात उतरली होती, आणि मला तिची भीती वाटायला लागली.

मग आला तो गुरुवार. फळ्यावर विषय होता, 'उद्या मी काय करणार आहे'. काडीचं पेन सात मिनिटांत एकदाही थांबलं नाही. 'उद्या अर्धा दिवस शाळा आहे. साडेबाराला बाबा गठ्ठा बांधायला टेबलाखाली वाकतात. तेव्हा इस्त्री तापलेली असते. ती जड आहे, पण मी दोन्ही हातांनी उचलून बघितली आहे. मी ती त्यांच्या डोक्यात घालणार आहे. नाहीतर ते आईला मारून टाकतील. बाई, हे शेवटचं सांगते.' आणि कोपरा दुमडला.

त्या संध्याकाळी ती टेबलाच्या कडेला मला ठेवून अभ्यास करत होती. इस्त्रीवाला माझ्याकडे वळला. या माणसाला जगात कशाचा राग येत असेल तर तो चुणीचा. सदऱ्याच्या कॉलरला एक बारीक सुरकुती राहिली, तर तो आईच्या हातावर चटका द्यायचा. त्याने माझे एकेचाळीस दुमडलेले कोपरे पाहिले आणि त्याचं माथं भडकलं.

"ही वही आहे का पोतेरं? इस्त्रीवाल्याच्या घरात असली वही?" त्याने काडीची मान धरून तिचं तोंड टेबलाजवळ आणलं. "बघ. डोळे उघडे ठेवून बघ."

त्याने माझं एकेक पान उलटलं, कोपरा सरळ केला, पाण्याचा हात फिरवला आणि वरून इस्त्री दाबली. चर्र. पुढचं पान. चर्र. तिने डोळे मिटले, की तो मान आणखी दाबायचा. एकेचाळीस वेळा मी भाजले, आणि एकेचाळीस वेळा ती पोर तिथेच होती.

"अहो, राहू द्या ना," आई म्हणाली. "शाळेची वही आहे. कागद जळेल."

बस्स, एवढंच. त्याने इस्त्री माझ्या पुठ्ठ्यावर तशीच टेकवली आणि भिंतीतली पिन ओढली. मग वायरीचे फटके आईच्या पाठीवर, मानेवर, तोंडावर. आई खाली बसली तरी तो थांबेना. माझा पुठ्ठा करपत होता, धूर निघत होता, आणि कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी काडीने दोन्ही हातांनी इस्त्री माझ्यावरून उचलली. बापाची पाठ तिच्याकडे होती. तिने इस्त्री पेलून धरली, पण वायर त्याच्याच मुठीत होती. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर त्याला कळलं असतं. तिने ती अलगद खाली ठेवली.

शुक्रवारी काडीने मला बाकीच्या वह्यांबरोबर दिलं आणि शाळा सुटताच सरळ घरची वाट धरली.

शिक्षक-खोलीत बाई डबा उघडायच्या आधी चार वह्या उरकून घ्यायला बसल्या. एका हातात शिक्का. माझा नंबर आला आणि त्यांनी नाक मुरडलं, कारण मला जळका वास येत होता. त्यांनी मला उघडलं. कोपरा सरळ. दुसरं पान, सरळ. काडीचं एकही सरळ पान त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. मुलीने शेवटी आपल्याला वाचायची परवानगी दिली, असं त्यांना वाटलं, आणि त्या जराशा हसल्याही. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

तिसऱ्या पानावर त्यांच्या हातातला शिक्का गळून पडला. दहाव्या पानावर त्यांनी तोंडावर हात दाबला. मग त्यांनी एकदम शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

मला घेऊन त्या धावत सुटल्या. फाटकाशी शाळेचा शिपाई घंटेचा लाकडी हातोडा घेऊन उभा होता. "काय झालं बाई?" "चला! इस्त्रीच्या दुकानात, चला!" तो बिचारा हातोड्यासकट मागे पळाला.

आम्ही पोचलो तेव्हा इस्त्रीवाला टेबलाखाली वाकलेला होता. त्याच्या डोक्यावर काडीने इस्त्री उचलून धरली होती, दोन्ही हात ताणलेले, डोळे कोरडे.

"नको!" बाई किंचाळल्या.

काडी दचकली. बाप वळला, त्याने वर पाहिलं आणि सगळं एका क्षणात ओळखलं. त्याने लेकीचे केस मुठीत धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटणार तोच बाईंनी मला तिच्या कपाळाखाली सरकवलं. तो घाव माझ्या दोनशे पानांनी आणि करपलेल्या पुठ्ठ्याने झेलला. मित्रांनो, आयुष्यात मी कामाला आले असेन तर त्या क्षणी. मागून शिपायाने त्याच्या कोपरावर घंटेचा हातोडा असा घातला, की हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या दुकानात गेला. काडीच्या हातून सुटून टेबलावर पडलेली इस्त्री घसरून त्याच्याच पायावर पडली. तो गुरासारखा ओरडला. पुढचं काम पोलिसांनी केलं.

दवाखान्यात काडीच्या कपाळाला टाके घातले. बाई समोर बसल्या होत्या, मी त्यांच्या मांडीवर.

"आज वाचलंत?" काडीने विचारलं. "इतके दिवस तर छान छान म्हणत होतात."

"बाळा, मी दुमडलेलं पान कधीच वाचत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं गं मी."

काडी म्हणाली, "पहिल्या दिवशी मी नव्हते, बाई. का नव्हते, ते पहिल्याच पानावर लिहिलंय."

बाई तिथेच ढसाढसा रडल्या. शब्द पाळला म्हणून आपलं काय चुकलं, हे त्यांना कळत होतं आणि कळत नव्हतंही. मला दोघींची कीव आली.

पुढे मला कोर्टात नेलं. तिथे कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवली आणि माझं एकेक पान मराठीत करून मोठ्याने वाचलं. इस्त्रीवाला मान खाली घालून ऐकत होता. त्यानेच आपल्या हाताने सरळ केलेली पानं होती ती. रेडिओही एकदा आली होती, अर्ध्या दाताने काडीच्या गळ्यात पडून रडली. "मीच सांगितलं होतं दुमडायला," एवढंच तिला बोलता आलं. दोघी आता एकाच बाकावर बसतात. बाईंनी तो शिक्का फेकून दिला. नियम तोच ठेवला आहे, पण जो पहिल्या दिवशी गैरहजर असेल त्याला त्या स्वतः समोर बसवून तो सांगतात, आणि का आला नाहीस, हेही विचारतात.

मित्रांनो, वह्यांना कव्हर घाला, पानं फाडू नका, असं सांगायला मी बसले नाही. माझं काय, मी जन्मतःच मार खाल्लेली. पण तुमच्या शेजारचा बाक चार दिवस रिकामा दिसला, तर नुसता नियम काय होता ते सांगू नका. चार दिवस कुठे होतीस, ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.

काडी आणि तिची आई आता मावशीकडे राहतात. कोर्टाने मला परत दिलं, तेव्हा माझी कितीतरी पानं कोरी होती. काडीने एका दुपारी त्यातल्या एका पानावर बरंच काही लिहिलं आणि वाचून स्वतःशीच हसली. मग तिने त्याचा कोपरा दुमडला आणि नखाने दोनदा घासला.

त्या पानावर काय आहे, ते मी तुम्हाला सांगणार नाही.