चाकं असलेलं स्मारक

मित्रांनो, मी एक जुना बैल आहे. लाकडाचा. माझ्यासमोर जी पाटी आहे तिच्यावर मला 'शिल्प' म्हटलंय, त्याखाली 'स्मारक' म्हटलंय, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहिलंय. तुम्ही आपलं मला बैलच म्हणा. किती वर्षं झाली, कुणी म्हणतच नाही.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर नगरपरिषदेला माझी आठवण येईल, आणि नगरपरिषदेला माझी आठवण आली की मला रंग लागतो.

मला घडवलं उकंडा मिस्त्रींनी. सागाच्या ओंडक्यातून, वासराएवढा. त्यांनी आधी माझी चारही चाकं केली, ती अंगणात फिरवून पाहिली, आणि मगच वरच्या बैलाला हात घातला. बायको म्हणाली, "अहो, डोकं तं करा अगोदर!" तर मिस्त्री म्हणाले, "शिंगं वाकडी झाली तं पोट्टे हासतीन. चाक अडलं तं पोट्टे रडतीन." शिंगं खरंच थोडी वाकडी झाली. चाकं मात्र लोण्यासारखी फिरायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशीचा पोळा खऱ्या बैलांचा आणि मोठ्या माणसांचा, हा लाकडी बैलांचा आणि लहान्यांचा. पोरं आपापले बैल सजवतात, दोरीनं ओढत तोरणाखाली आणतात, 'हर बोला महादेव' म्हणून गळा फाडतात आणि मग घरोघरी बैल घेऊन जातात. घरातली माणसं बैलाला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ नाहीतर नोट. पण सगळ्यांच्याच घरी बैल नसतो ना! ज्यांच्या घरी नाही, त्यांच्यासाठी मी होतो. मोहल्ल्यातला मोठा बैल. माझी दोरी लांब होती, तिला कितीही हात लागले तरी पुरायची.

सगळ्यांत पुढे हात असायचा प्रियंकाचा. वेल्डिंगवाल्या अतुलभाऊंची पोरगी. फ्रॉकला नाक पुसायची आणि इंजिनासारखी ओढायची. एका वर्षी तिनं मला चौकाच्या उतारावर नेलं आणि मग काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. खाली कांताबाईंची केळाची गाडी होती.

"अवो माय! बैल आवर, पोट्टे!" कांताबाई ओरडल्या. "माह्या केळाचं शिकरण करून टाकलं न तू!"

माझ्या डाव्या शिंगाचं टोक तुटलं. प्रियंका इतकी रडली की अतुलभाऊंनी त्याच संध्याकाळी दुकान उघडून शिंगाला लोखंडी टोपी बसवली. पुढच्या वर्षी टोपी घालून मी पुन्हा त्याच गाडीला धडकलो. ते माझे सुखाचे दिवस, मित्रांनो.

मग उकंडा मिस्त्री गेले. आणि मग चौक सुशोभीकरण आलं.

त्या कामाचे मुख्य होते वामनराव, सौंदर्यीकरण समितीचे सभापती. चौकात एक चबुतरा बांधून झाला होता. त्यावर काय ठेवायचं यावर समितीच्या बैठका चालू होत्या, आणि त्या बैठकांत चहाशिवाय कशावरच एकमत होत नव्हतं. एकदा वामनराव आमच्या मोहल्ल्यात आले. समाजमंदिराच्या ओट्यावर मी पोळ्याची वाट पाहत उभा.

"अरे, हे तं आयतंच शिल्प हाय!" वामनराव म्हणाले. "उचला याले."

"साहेब, याले चाकं हायेत," उचलणारा म्हणाला.

"स्मारकाले कुठं चाकं असतेत काय? सिमेंटात गाडा."

गाडली. चारही. उकंडा मिस्त्रींनी माझ्याआधी केलेली चाकं सिमेंटखाली गेली, आणि लोकांना दिसायला उरली ती वाकडी शिंगं.

पाटी माझ्यापेक्षा मोठी निघाली. तिच्यावर वामनरावांचं नाव आहे, त्यांच्या मेव्हण्याचं आहे, ज्यांनी फीत कापली त्यांचं आहे, आणि जे फीत कापायला येणार होते पण आले नाहीत त्यांचंही आहे. उकंडा मिस्त्रींचं नाव मी अजून शोधतोय. माझी मान वळत नाही. कदाचित मागच्या बाजूला असेल.

मग रंग सुरू झाले. पहिल्यांदा तांब्याचा, कारण पुतळा म्हटलं की तांब्याचा दिसला पाहिजे. मग जंगलातल्या वाघांमुळे जिल्ह्यात पर्यटक येतात, असं समितीच्या कानावर गेलं. एका रात्रीत माझ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे आले. शिंगं असलेला वाघ, मित्रांनो! गावातली कुत्री आठवडाभर माझ्यावर भुंकली. बाहेरगावच्या एका बाईंनी पोराला सांगितलं, "हा बघ, झेब्रा." माझ्या मनाला काय वाटलं असेल, सांगा!

त्यानंतर कारंजं. बैलाच्या तोंडातून पाणी पडलं तर शोभा येईल, असं कुणीतरी म्हणालं. मला शेपटीपासून तोंडापर्यंत आरपार भोक पाडलं आणि त्यात पाइप घातला. उद्घाटनाला पाहुणे आले. अंगावर पाणी उडू नये म्हणून सगळे माझ्या मागच्या बाजूला उभे राहिले. मोटर सुरू झाली, पाइपाचा मागचा जोड सुटला, आणि पाणी जिथून पडायचं तिथून न पडता नको तिथून, पूर्ण दाबानं, पाहुण्यांच्या अंगावर. पोरं हसून हसून लोळली. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच कुणी माझ्याकडे पाहून हसलं. कारंजं बंद झालं. भोक तसंच आहे. त्यात आता चिमण्या राहतात, त्या बिचाऱ्या तरी पाटी वाचत नाहीत.

बाकी माझा उपयोग म्हणजे फ्लेक्स बांधायला. वाकड्या शिंगांवरून दोरी सटकत नाही. वाढदिवस कुणाचाही असो, चेहरा माझ्या तोंडासमोर. कधी एखादं लेकरू हात पुढे करायचं, की त्याची आई खसकन ओढायची, "ए, हात नको लावू, फाइन मारतेत!" पोळे आले आणि गेले. खालून 'हर बोला महादेव' ऐकू यायचं. मी सोनेरी रंगात, कारण तोवर सोनेरी आला होता, फ्लेक्सच्या मागे उभा. राग कसा येतो ते लाकडाला विचारा. आदळआपटसुद्धा करता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात कॉलेजची पोरं आली. सुहासिनी मॅडमनी त्यांना प्रकल्प दिला होता, 'माझ्या शहरातील कला आणि स्मारके : माझे अनुभव'. पोरांचा अनुभव फार वेळ चालला नाही. फोटो काढला, मोबाइलला विचारलं, मोबाइलनं सांगितलं ते उतरवलं. एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं, "या शिल्पावर ग्रीक परंपरेचा ठसा जाणवतो." माझ्यावर ठसा होता तो फक्त चिमण्यांचा.

त्या पोरांत प्रियंकाही होती. केवढी मोठी झाली होती! मी तिला लगेच ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही. सोनेरी बैलाला कोण ओळखणार?

तिचा प्रकल्प मॅडमनी परत केला, हे मला नंतर कळलं, कारण ती कांताबाईंच्या गाडीपाशी रिकाम्या खोक्यावर येऊन बसली आणि तणतणायला लागली. कांताबाईंची गाडी आता उतारावरून वर, माझ्या शेजारी आलेली आहे.

"काय लिवलं होतं व?" कांताबाईंनी विचारलं.

"खरं थे लिवलं! आमच्या गावात कला नाई. स्मारकं हायेत, पण थे फ्लेक्सच्या मांगं हायेत. दिसले का लिहीन."

"मंग चूक काय हाय त्याच्यात?"

"मॅडम म्हन्ते, खरं हाय पण पान भरत नाई. म्हन्ते, कोनतीबी एक वस्तू धर आन् तिच्यासमोर बसून पाय. आता याच्यासमोर बसून काय पाहू मी? शिंगवाला सोन्याचा डब्बा!"

डबा! मला!

ती बसली. कंटाळली. केळं खाल्लं. मग उठून माझ्याभोवती फिरली, इकडेतिकडे पाहिलं, आणि पाटीसमोरच, लाल अक्षरांच्या नाकावर टिच्चून, माझ्या शिंगाला हात लावला. सोनेरी रंगाखाली, पट्ट्यांखाली, तांब्याखाली तिच्या बोटाला काहीतरी थंड लागलं. नखानं तिनं रंगाचा पोपडा काढला. लोखंडी टोपी.

"काकू," ती म्हणाली. "काकू, हा आपल्या मोहल्ल्यातला बैल व्हय!"

"मंग? तुले आत्ता समजलं? दोनदा धडकला थो माह्या गाडीले. त्याले इसरीन काय मी?"

"मंग सांगतलं काहून नाई?"

"इचारलं कोनं?"

प्रियंका तिथंच खाली बसली आणि चबुतऱ्याला कान लावल्यासारखी माझे पाय पाहू लागली. "आन् चाकं? याचे चाकं कुठं गेले?"

तान्हा पोळा जवळ आला होता. नेमकं त्याच दिवशी सुंदर शहर स्पर्धेचे परीक्षक येणार होते. वामनरावांनी घाईघाईनं चबुतऱ्याचं जुनं सिमेंट फोडायला लावलं, चकचकीत टाइल्स बसवायच्या म्हणून. सिमेंट फुटलं आणि माझ्या चाकांना वारा लागला. टाइल्स मात्र आल्या त्या न्हाणीघराच्या, डॉल्फिनवाल्या. गवंडी त्या बदलायला गेले ते परत आलेच नाहीत. मग माझ्या चाकांना दोन विटा लावल्या, वरून हिरवा गालिचा टाकला, आणि झालं.

प्रियंका वामनरावांना चौकातच गाठायला आली.

"काका, उद्या तान्हा पोळा हाय. एक दिवस बैल द्या. संध्याकाळी आनून ठिवतो."

"कोनता बैल?"

"हा."

"बाई, थे स्मारक हाय."

"कोनाचं?"

वामनराव पाटी वाचायला वळले. पाटीवर त्यांच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स होता. "थे... आपल्या सगळ्याईचं हाय."

"मंग आमचंबी हाय ना?"

"तुमचं हाय म्हनूनच तं तुमी हात लावाचा नाई!"

प्रियंकाच्या नाकपुड्या फुगल्या. लहानपणी ओढायच्या आधी फुगायच्या, तशाच. ती तरातरा निघून गेली. संध्याकाळी कांताबाई आपल्या गाडीच्या चाकांना ग्रीस लावत होत्या. लावता लावता चार बोटं ग्रीस त्यांनी गालिचा वर करून माझ्या चाकांनाही लावलं. "फालतूच उरलं होतं," त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चौकात पोरं जमली. कुणाचा बैल हातभर, कुणाचा वीतभर. आणि नेहमीप्रमाणे काही जण रिकाम्या हातांनी, दुसऱ्यांचे बैल पाहत. परीक्षक गाडीतून उतरले. वामनराव माझ्यापुढे उभे राहून सांगू लागले, "हे शिल्प म्हणजे स्थैर्याचं प्रतीक आहे. बसवल्यापासून आजपर्यंत ते जागचं जरासुद्धा..."

मागून प्रियंकानं दोन्ही विटा काढल्या आणि मला ढकललं.

मित्रांनो, मी हललो! आधी बोटभर, मग हातभर. गालिचा पायांत गुंडाळला गेला आणि सुटला. राडारोडा उतरवायला लावलेल्या फळीवरून मी धाडकन रस्त्यावर आलो. दोरी प्रियंकानं आधीच बांधली होती, आणि तिचं दुसरं टोक तिनं रिकाम्या हातांच्या पोरांकडे फेकलं होतं. "पकडा बे! तुमचाच हाय!"

पोरांनी ओढलं. ओढायची गरजही नव्हती, पुढे उतार होता. शिंगांवर वामनरावांचा फ्लेक्स तसाच, हात जोडलेला. बाजारातली माणसं सवयीनं उलट नमस्कार करत होती. मागून पोरं, त्यांच्या मागून वीतभर बैल, त्यांच्या मागून परीक्षक, आणि सगळ्यांत मागून खरे वामनराव, "थांबवा! स्मारक चाललं!" म्हणत.

पोळ्याच्या गर्दीसाठी कांताबाईंनी सकाळीच गाडी पुन्हा उताराखाली नेली होती. त्यांनी मला येताना पाहिलं. गाडी सरकवायला त्यांना भरपूर वेळ होता. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

धडाम!

"आला का रे बावा!" त्या म्हणाल्या, आणि सांडलेली केळी पोरांना वाटायला लागल्या.

इथंच संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण परीक्षक खूश झाले. शहरभर फिरणारं, मुलांनी ओढायचं शिल्प त्यांनी म्हणे कुठेच पाहिलं नव्हतं. आम्हाला बक्षीस मिळालं. वामनरावांनी हार घालून घेतला, कल्पना आपलीच होती असं भाषण केलं, आणि बक्षीस मिळालेली वस्तू जपली पाहिजे म्हणून मला परत चबुतऱ्यावर चढवलं. जुन्या पाटीशेजारी नवी पाटी लागली : 'पुरस्कारप्राप्त चालते-फिरते शिल्प. कृपया हलवू नये.'

वाचलंत ना? पुन्हा एकदा वाचा. मला रोज समोर दिसतं.

मला पक्कं करायला अतुलभाऊंना बोलावलं. "वेल्डिंग मारून टाका," वामनराव म्हणाले.

"लाकडाले वेल्डिंग नाई लागत, साहेब."

"मंग नटबोल्ट मारा. पक्के!"

अतुलभाऊंनी नटबोल्ट मारले. वामनराव गेल्यावर त्यांनी नट जरा ढिले केले आणि पाना शेजारी उभ्या असलेल्या पोरीच्या हातात दिला. एकमेकांकडे न पाहता बापलेक घरी गेले.

प्रियंकानं प्रकल्प पुन्हा लिहिला आणि मॅडमना द्यायच्या आधी कांताबाईंना वाचून दाखवला. त्यातली पहिली ओळ मला पाठ आहे : 'मी कितीतरी वर्षं या कलेसमोरून रोज गेले, पण ती मला दिसली नाही, कारण ती नीट सांभाळून ठेवलेली होती.' पाटीवर नसलेलं उकंडा मिस्त्रींचं नावही त्यात आहे.

मित्रांनो, रंग फासून, पाटी लावून वस्तू जपली जात नाही. ती कशासाठी केली होती, ते एकदा विचारा. मला बघण्यासाठी कुणी केलं नव्हतं. चाकं आधी केली होती, बैल नंतर.

म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. घरी बैल नसेल तर नक्की या. दोरी तेवढी आणा, पाना प्रियंकाकडे आहे. आणि कांताबाई, तुम्ही गाडी अजिबात सरकवू नका.